एकाच पाण्यात

मी एका घरगुती लाँड्रीतली जुनी मशीन आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझी कहाणी ऐकताना हातात खाऊ धरू नका. सुगंधाच्या गोष्टी ऐकायच्या असतील तर एखाद्या अत्तराच्या बाटलीकडे जा. मी जन्मभर दुसऱ्यांचा मळ पोटात घेतला आहे. माझ्याकडे सांगण्यासारखं जे आहे ते त्यातलंच आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथल्या कारागिरानं माझा ड्रम घासून इतका लखलखीत केला, की त्यात डोकं घालून त्यानं आपला भांग नीट केला. मला वाटलं, आता असंच होणार, येणारा-जाणारा माझ्यात आपला चेहरा बघणार. मग मला ट्रकमध्ये घालून लाँड्रीत आणलं, आणि पहिल्याच दिवशी माझ्या पोटात काय आलं? खाटकाचे अ‍ॅप्रन. वाळलेलं रक्त, चरबी, आणि एका खिशात विसरलेला हाडाचा तुकडा. पाणी सुटताच तो सगळा राडा माझ्या अंगभर पसरला. मला अशी शिसारी आली, की मी गदागदा हलायला लागले. लाँड्रीचे मालक मिस्त्रीला म्हणाले, "नवीन आहे ना, बसेल हळूहळू."

बसले बाबा. न बसून सांगते कुणाला?

तुम्हाला वाटतं तुम्ही स्वच्छ असता. अहो, तुमचे खिसे मला विचारा. नाक पुसून बोळा केलेले रुमाल, चघळून कागदात गुंडाळलेला चिकट गोळा, अर्धवट चोखलेली गोळी आणि तिला चिकटलेले केस, एकदा तर चक्क एक मेलेली पाल. एका मोठ्या साहेबांच्या पांढऱ्याशुभ्र शर्टाच्या कॉलरला आतून मळाची अशी पुटं असायची, की बेडकाच्या पाठीसारखी ती हाताला लागावीत. बाहेरून मात्र साहेब कडक इस्त्रीत. मी तेव्हापासून कुणाच्या इस्त्रीला भुलत नाही.

पण त्या किळसवाण्या कामातही एक बरं होतं, ते म्हणजे ती लाँड्री. खाली दुकान, वर घर. मालकांना सगळे अप्पा म्हणत. त्यांना दोन मुलं, मोठा मुलगा आणि धाकटी मुलगी. अप्पांच्या बायकोनं लाँड्री सुरू करायला मदत केली होती आणि मुलं लहान असतानाच ती गेली. तेव्हापासून इस्त्रीच्या टेबलामागे उभ्या राहणाऱ्या मावशींनीच त्या दोघांना कामातून वेळ काढून जेवू घातलं, दामटून अभ्यासाला बसवलं. त्यांना मावशी म्हणायचे, पण नात्याच्या मावशीला एवढा धाक कुणी दाखवू देत नाही.

माझ्या भिंतीपलीकडे दुसऱ्या खोलीत आणखी एक मशीन होती. तिला मी माझी जाऊ म्हणायचे. तिच्याकडे फक्त दवाखान्याच्या चादरी जायच्या, उकळत्या पाण्यात, वेगळ्या पावडरीनं. तिच्या पोटात काय काय येत असेल ते मी तुम्हाला सांगत नाही, तुमचं जेवण व्हायचं असेल. अप्पांचा दंडक होता, की तिकडची चादर इकडे यायची नाही आणि तिकडे काम केलेला माणूस कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय इकडच्या कपड्याला शिवायचा नाही. माझी जाऊ बिचारी दिवसभर धुमसायची, फणफणायची, पण कुरकुरली नाही कधी.

एकदा आमच्या रस्त्यावरच्या एका इमारतीला आग लागली. माणसं वाचली, पण घरातलं सगळं काजळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी दुकानाबाहेर उभं राहून हाक दिली, "ज्याचं जे काही वाचलं असेल ते घेऊन या." गाठोडीच्या गाठोडी आली. धुराचा, जळक्या रबराचा, भिजून कुजलेल्या गाद्यांचा असा वास, की माझं रबर आक्रसलं. नेमका तेव्हाच पाण्याचा पंप बंद पडला. तर शेजारचा न्हावी दुकान बंद करून बादल्या घेऊन आला, त्याच्यामागे पाववाला, त्याच्यामागे शाळेतल्या बाई. माणसांची रांगच लागली, या हातातून त्या हातात बादली. अप्पांची दोन्ही मुलं पायाशी साचलेल्या काळ्या पाण्यात उभी राहून कपडे पिळत होती. मित्रांनो, ते पाणी डांबरासारखं होतं. आयुष्यात तेवढी एकच घाण मी खुशीनं प्यायले.

त्या दिवसापासून आसपासच्या माणसांनी कपडे दुसरीकडे दिले नाहीत. न्हाव्याचे टॉवेल, बाळांची दुपटी, म्हाताऱ्यांची अंथरुणं, सगळं आमच्याकडे. कुणी विचारायचं नाही की कसं धुता. विचारायचं कशाला? घरचंच की.

पुढे अप्पांचे गुडघे गेले. जिना उतरणं होईना. ते वरच्या खिडकीत खुर्ची टाकून बसू लागले आणि दुकान मोठ्या मुलाच्या हाती आलं. त्याला सगळे दादा म्हणत. धाकटी समोरचा काउंटर बघायची. कपडे घ्यायची, द्यायची, गिऱ्हाइकांशी बोलायची. मागची धुण्याची बाजू दादाची. दादानं आल्या आल्या पहिलं काम केलं, दुकानावर नवी पाटी लावली. "तुमचं-आमचं एकच घर." अक्षरं सुरेख होती, मी नाही म्हणत नाही.

मग माझी जाऊ आजारी पडली. फिरताना तिच्यातून खडखडाट यायला लागला. मिस्त्री म्हणाला, दुरुस्त होईल, पण थांबावं लागेल. दादा म्हणाला, "थांबायला वेळ कुणाला आहे? दवाखान्याचं काम गेलं तर परत यायचं नाही." त्यानं तिची मोटर काढून विकली, तिच्या डोक्यावर साबणाची पोती रचली आणि मधल्या भिंतीला दार पाडलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या चादरी माझ्या पोटात आल्या.

सुरुवातीला निदान वेगळ्या यायच्या. मग काम वाढलं तशा बाकीच्या कपड्यांबरोबर यायला लागल्या. पाणी तापायला वेळ लागतो म्हणून कोमट पाण्यावर भागवलं जाऊ लागलं. वर भरपूर सुवासिक पावडर टाकायची, म्हणजे वास मारत नाही. मित्रांनो, माझ्या पोटात एका बाजूला पू लागलेली चादर आणि तिला बिलगून बाळाचं झबलं असं गरगर फिरताना मी पाहिलं आहे. हाडाच्या तुकड्यानं आली नव्हती एवढी ओकारी मला त्या फुलांच्या वासानं आली. मी पाणी अडवून धरलं, दार घट्ट केलं, मध्येच थांबले. दादानं मला लाथ घातली आणि परत सुरू केलं.

मावशींच्या हातावर फोड आले. दादा चादरी आधी स्वतः काढून न्यायचा, मग उरलेले ओले कपडे माझ्यातून बाहेर काढायचं काम मावशीच करायच्या. दादानं बघितलं आणि म्हणाला, "उष्णतेनं आलेत, मावशी. मलम लावा." त्यानंच मलमाची डबी आणून दिली. मावशी घरभर सांगत सुटल्या, की पोरगं किती काळजी करतं माझी.  पण त्याच दिवसापासून दादानं स्वतःचे, बायकोचे आणि तान्ह्या लेकाचे कपडे खाली धुवायला देणं बंद केलं होतं. ते वरच्या न्हाणीघरात वेगळे धुतले जायचे. म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं.

अशात लाँड्रीचा वर्धापनदिन आला. दादानं ठरवलं, यंदा सगळ्या शेजारपाजाऱ्यांना जेवण घालायचं. मागच्या अंगणात लांबच लांब टेबलं मांडली, त्यावर पांढरे टेबलक्लॉथ घातले, प्रत्येक ताटाशी घडीचा नॅपकिन ठेवला. सगळं मीच धुतलेलं. कशाबरोबर धुतलेलं, ते एका माणसाला ठाऊक होतं. धुण्याच्या खोलीचं दार अंगणात उघडत असल्यामुळे मला सगळं दिसत होतं. न्हावी नवा शर्ट घालून आला होता. मावशी आपल्या दुडूदुडू चालणाऱ्या नातीला घेऊन पुढच्याच टेबलाशी बसल्या होत्या. अप्पांना चौघांनी खुर्चीसकट उचलून खाली आणून माझ्या खोलीच्या दाराशीच बसवलं होतं.

माणसं वाढली, टेबलक्लॉथ कमी पडले. सकाळी धुतलेले, ओलसर का होईनात, आणखी काही माझ्यातच होते. ते काढायला नेमकी धाकटी आली. तिनं एक टेबलक्लॉथ ओढला आणि त्याच्याबरोबर एक लांबलचक पट्टी बाहेर आली. जखमेवर बांधतात तसली. तिच्या टोकाला चिकटपट्टीचा गोळा, आणि त्या गोळ्यात काहीतरी तपकिरी. तिनं ती दोन बोटांत धरली. पाठोपाठ आतून एक चादर निघाली, दवाखान्याचा शिक्का असलेली.

दादा तिला घाई करायला आला होता. तिनं पट्टी त्याच्यासमोर धरली.

"दादा, हे काय आहे?"

"धुतलेलं आहे ते. टाकून दे आणि चल लवकर."

"टेबलक्लॉथमध्ये कसं आलं?"

"अगं, साबण काय कपड्याला नाव-गाव विचारतो का? सगळं पाण्यातच जातं शेवटी."

"पाणी उकळलं होतं?"

 दादानं दाराबाहेर बघितलं.

"कधीपासून चाललंय हे?"

"आज नको. बाहेर सगळी माणसं बसली आहेत. आपल्या घराची अब्रू आहे."

ती त्याला बाजूला सारून अप्पांकडे गेली. त्यांच्या कानाशी वाकून तिनं सगळं सांगितलं, पट्टी ओच्यात लपवून दाखवली. मित्रांनो, मला अप्पांचा केवढा भरवसा होता म्हणून सांगू! मला वाटलं, आता हा म्हातारा गुडघे विसरून उठणार आणि ताटं उधळणार. अप्पांनी पट्टी बघितली. त्यांचा चेहरा उतरला. आणि ते हळूच म्हणाले, "जेवण होऊन जाऊ दे. मग घरात बसून बघू आपण."

जन्मभर मी माणसांचा मळ बघितला. पण त्या शब्दांची जी किळस आली, ती कशालाच आली नव्हती. समोर माणसं ताटांवर वाकली होती, आणि हा जाणता माणूस म्हणत होता, होऊन जाऊ दे.

तेवढ्यात दादा टेबलांच्या टोकाशी उभा राहून बोलायला लागला. "आम्ही तुम्हाला गिऱ्हाईक मानत नाही. आपण सगळे एकाच घरचे..." टाळ्या पडल्या. मावशींच्या नातीनं तोंड माखून घेतलं होतं. मावशींनी नॅपकिन उलगडला, जिभेनं त्याचा कोपरा ओला केला आणि पोरीच्या ओठांकडे नेला.

"मावशी, थांबा!" धाकटी ओरडली. तिनं धावत येऊन तो नॅपकिन हिसकावला. पोरगी भेदरून रडायला लागली. सगळ्या माना वळल्या.

धाकटी सगळ्यांकडे वळली. "कुणी तोंड पुसू नका. हे नॅपकिन दवाखान्याच्या चादरींबरोबर धुतले आहेत. टेबलक्लॉथसुद्धा. तुम्ही दिलेले कपडेसुद्धा. मला आत्ता कळलं. मला आधी कळायला हवं होतं."

आणि कुणाला खोटं वाटू नये म्हणून तिनं ती पट्टी पांढऱ्या टेबलावर ठेवली.

 कुणीतरी तोंडातला घास ताटात थुंकला. एका बाईनं नवऱ्याची कॉलर हुंगली आणि तोंड वाकडं केलं. शाळेतल्या बाई अंगणातल्या नळाशी जाऊन खळाखळा चुळा भरू लागल्या. न्हावी मात्र जागेवर उभा राहून दादाकडे बघत होता.

"माझे टॉवेल?" त्यानं विचारलं. "अरे, मी ते लोकांच्या तोंडाला लावतो! माणसं गाल खाजवत परत येतायत, आणि मी वस्तरे बदलतोय, साबण बदलतोय. तुला सांगत होतो की मी हे! तिथं दुकानात तुझ्यासमोर उभा राहून सांगत होतो!"

दादा म्हणाला, "काका, बसा ना, आपण नंतर..."

"काका म्हणू नकोस मला."

 मावशींनी आपले हात पालथे केले, फोडांकडे पाहिलं, खिशातून मलमाची डबी काढून दादाच्या ताटात ठेवली आणि नातीला उचलून निघून गेल्या. त्यांच्यामागे सगळं अंगण रिकामं झालं. जेवण तसंच राहिलं, आणि थोड्या वेळानं त्यावर माश्या घोंगावू लागल्या.

"घर उघड्यावर आणलंस," दादा बहिणीला म्हणाला.

"तुझ्या लेकाचे कपडे वर का धुतोस रे दादा?" ती म्हणाली. त्याचा अर्थ तिला आत्ताच लागला होता. दादा जिना चढून वर गेला.

लाँड्रीला कुलूप लागलं. माझ्या पोटात शेवटचं पाणी तसंच तुंबून राहिलं. ते हिरवं झालं, मग काळं झालं, त्यात किडे वळवळू लागले. मी माझ्याच वासात पडून राहिले. दवाखान्याला धाकटीनंच जाऊन सगळं सांगितलं होतं, ते काम गेलं.

काही दिवसांनी कुलूप उघडलं. धाकटी मिस्त्रीला घेऊन आली आणि म्हणाली, "हिला पूर्ण उघडायची. ड्रम बाहेर." त्यानं माझी पाठ खोलली. ड्रमच्या मागे, जिथं कुणाचा हात कधी पोचत नाही तिथं, बोटभर जाडीचा काळा बुळबुळीत थर होता. केस, दोरे, कापसाचे बोळे, आणि दवाखान्यातून आलेलं काय काय त्यात रुतून बसलं होतं. मिस्त्री दोनदा बाहेर जाऊन आला. मी दुसऱ्यांना नाकं मुरडत होते, आणि हे सगळं माझ्याच अंगात वाढत होतं.

तेव्हा जिन्यावर काठीचा आवाज झाला. अप्पा एकेक पायरी बसत, सरकत खाली आले होते. त्यांनी तो थर बघितला आणि भिंत धरून ओकले. मग स्टूल ओढून बसले, हातमोजे घातले आणि म्हणाले, "ब्रश दे."

धाकटी म्हणाली, "राहू द्या अप्पा. इथली घाण मिस्त्री काढेल. तुम्हाला दुसरीकडे जायचंय."

त्यांना कळलं. ते घरोघरी गेले. दोन पावलं चालायचे, टेकायचे. प्रत्येक दारात त्यांनी एकच सांगितलं, "मला जेवणाआधीच कळलं होतं, तरी मी गप्प बसलो." हे कुणालाच ठाऊक नव्हतं. न सांगता खपलं असतं. न्हाव्यानं त्यांना आत बोलावलं नाही. मावशींच्या दारात ते म्हणाले, "हात बघू." मावशी म्हणाल्या, "डॉक्टरला दाखवलेत. तुम्ही बघायचे तेव्हा बघितले नाहीत." पण त्यांनी अप्पांना पाणी दिलं.

मला घासूनपुसून पुन्हा जोडलं. काउंटर आणि धुण्याची खोली यांच्यामधली भिंत धाकटीनं पाडून टाकली. आता कपडे द्यायला आलेल्या माणसाला समोर मीच दिसते, पाणी किती तापलंय तेही दिसतं. "तुमचं-आमचं एकच घर" ही पाटी तिनं उतरवली. तिच्या जागी दुसरी काही लावली नाही.

माणसं एकदम आली नाहीत. पहिली शाळेतल्या बाईंची चादर आली, एकच, बघू या म्हणून. मावशी कामाला आल्या, पण ओल्या कपड्यांना हात लावणार नाही असं बजावून आल्या. ओले आणि मळके कपडे निवडायचं काम आता दादाकडे आहे. बहिणीनं त्याला तेच काम देऊ केलं, आणि बाहेर कुठं त्याला कुणी उभं करत नव्हतं. तो तोंड फिरवून, नाक आवळून एकेक कपडा बाजूला करतो. त्यानं अजून कुणाची माफी मागितलेली नाही. मला त्याची किळस वाटते, ती गेलेली नाही, आणि जावी असंही मला वाटत नाही.

सगळ्यात शेवटी न्हावी आला. त्यानं टॉवेलांचं गाठोडं काउंटरवर ठेवलं नाही, स्वतः आत येऊन माझ्या पोटात घातलं. पाणी तापल्यावर काचेला हात लावायला गेला आणि चटका बसून त्यानं हात झटकला. मग काचेसमोर स्टूल घेऊन बसला आणि धुणं संपेपर्यंत उठला नाही. धाकटीनं विचारलं, "चहा घेणार का?" तो म्हणाला, "धुणं बघायला आलोय." टॉवेल निघाले तेव्हा त्यानं एकेक उलगडून उजेडात धरला, नाकाशी नेला, घडी घातली. गाठोडं बांधून गेला. पुढच्या वेळी आला तेव्हाही तसाच बसला. अजूनही बसतो. मला त्याचा राग येत नाही. उलट, तो समोर असला की मी जरा जास्त नीट फिरते.

मित्रांनो, मशीनला तोंड नसतं, म्हणून आज मिळालेली ही संधी मी सोडत नाही. तुम्ही मोठे व्हाल, कुणी दुकान चालवाल, कुणी दवाखाना, कुणी खाणावळ. तुमची माणसं तुमच्यावर डोळे मिटून विसंबतील. त्यांना आपलं म्हणण्याआधी त्यांच्यासाठी पाणी उकळा. आणि कधी भरल्या ताटांसमोर घाण हाती लागली, आणि शेजारी कुणी वडीलधारं हळूच म्हणालं, होऊन जाऊ दे, तर त्यांचा मान राखा, पण त्यांचं ऐकू नका. आधी त्या लेकराच्या तोंडाजवळचा नॅपकिन काढून घ्या.